पहिली कादंबरी, अनोळखी नाव आणि घरात उरलेल्या ३८० प्रती

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी पहिली कादंबरी स्वतःचे पैसे घालून छापली. विषय द्राक्षबागायतदार घराचा, १६० पानं, किंमत २०० रुपये, प्रती ५००, सगळा खर्च ३७,५०० रुपये. मे महिन्यात नाशिकला प्रकाशन समारंभ झाला. तेव्हा आणि पुढच्या पंधरवड्यात मिळून १२० प्रती गेल्या, मग विक्री थांबली. त्या विचारतात, "मला लेखक म्हणून कुणी ओळखत नाही. फेसबुकवर पाच हजारांची जाहिरात करू, की उरलेल्या ३८० प्रती वितरकाकडे देऊन मोकळी होऊ?"

ताई, पुस्तक वितरणाच्या कामात हा प्रश्न दरवर्षी समोर येतो, आणि बहुतेक वेळा नेमका याच टप्प्यावर. पहिल्या शंभर-सव्वाशे प्रती नातेवाईक, सहकारी आणि शाळेतले वर्गमित्र घेतात. ते तुमच्यासाठी घेतात. त्यानंतरचा माणूस तुमच्यासाठी घेणार नाही, पुस्तकासाठी घेईल. आणि पुस्तकात काय आहे हे अजून त्याच्यापर्यंत गेलेलंच नाही. तुम्ही सोबत पाठवलेला संदेश मी वाचला. त्यात पाहुण्यांची नावं आहेत, सभागृहाचा फोटो आहे, "खरेदी करून प्रोत्साहन द्यावे" अशी विनंती आहे. द्राक्षाचा उल्लेख एकदाही नाही. नाव अनोळखी आहे ही अडचण खरीच, पण ती सावकाश सुटते. विषय लपून राहिलाय ही अडचण आजच सुटू शकते.

आधी हिशेब मांडू. तुम्हाला प्रत ७५ रुपयांना पडली. वितरक नव्या लेखकाचं पुस्तक साधारण निम्म्या किमतीत घेतो, म्हणजे १०० रुपये येतील आणि उरतील २५. तेही विक्री झाल्यावर, बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभराने. दुकानदाराला थेट ३५ टक्के सवलतीने दिलंत तर १३० येतात, उरतात ५५. ग्रंथालयाला २५ टक्के सवलत देऊन जागेवर पोचवलंत तर १५० येतात, उरतात ७५. वाचकाला १० टक्के सूट देऊन टपालाने पाठवलंत तर १८० मधून टपाल आणि पाकिटाचे तीसेक रुपये जातात, उरतात पुन्हा ७५. आता पाच हजारांची जाहिरात घ्या. ७५ रुपये सुटणाऱ्या ६७ प्रती त्या जाहिरातीतून विकल्या गेल्या, तर जाहिरातीचा खर्च तेवढा निघेल, वर जवळपास काहीच नाही. तुमचं नाव पहिल्यांदाच ऐकणारी ६७ माणसं केवळ मुखपृष्ठ पाहून पैसे भरतील, असं मला वाटत नाही. म्हणून आत्ता जाहिरात नको. आणि ३८० च्या ३८० प्रती वितरकाकडेही नकोत, कारण मागणी तयार नसेल तर त्या तुमच्या घराऐवजी त्याच्या गोदामात पडून राहतील आणि वर्षाने कोपरे दुमडून परत येतील.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पुस्तकावर प्रकाशक म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव असेल, तर करारात विक्रीचे हक्क कुणाकडे आहेत ते आधी वाचा. प्रती तुमच्या घरात असल्या तरी परस्पर विकायची मुभा नाही, असेही करार असतात. तुम्ही नोकरी करता की नाही, आठवड्याला किती तास देऊ शकता, दुसरं पुस्तक लिहिताय का, यानेही उत्तर बदलतं. आठवड्याला चार तास आणि महिन्याला हजार रुपये एवढं धरून मी पुढचं सांगतो. आणि हे सगळं ठरावीक विषयावरची कादंबरी आहे म्हणून. कवितासंग्रह असता तर ग्रंथालयांपेक्षा काव्यवाचनाच्या बैठकींवर भर द्या म्हटलं असतं.

पहिलं काम संदेश बदलण्याचं. असा काहीतरी लिहा: "काढणीला आलेली बाग, रात्रीची गारपीट आणि सोमवारी भरायचा बँकेचा हप्ता. निफाड तालुक्यातल्या एका घराची कादंबरी. १६० पानं, घरपोच १८० रुपये. पहिलं प्रकरण वाचायचं असेल तर 'प्रकरण' एवढंच लिहून पाठवा." यात तुमचं नाव शेवटी आलं तरी चालेल. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. अनोळखी माणसाकडे लगेच १८० रुपये मागितले तर तो गप्प बसतो, एक शब्द मागितला तर तो लिहितो. आणि त्याने लिहिलं की पुढे बोलायला वाट होते.

ते पहिलं प्रकरण फोनवर वाचता येईल असं हवं. छापखान्याची फाइल तशीच पाठवू नका. डेमी आकाराचं, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराचं पान फोनच्या पडद्यावर मावलं की अक्षर मुंगीएवढं होतं. फोनच्या रुंदीचं लहान पान घ्या, अक्षर मोठं ठेवा आणि प्रकरण १०-१२ पडद्यांत संपवा. शेवटच्या पडद्यावर किंमत, फोन नंबर आणि पैसे भरायचा क्यूआर कोड. आणखी एक अडचण मराठीत हमखास येते. अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये झाली असेल, तर तो मजकूर उचलून दुसरीकडे डकवला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. जुळणी करणाऱ्याकडून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करून घ्या आणि मग ओळ न ओळ वाचा. 'शेतकऱ्याला', 'दुसऱ्या' यांतला ऱ्य, 'बँक', 'ॲ' आणि अवतरणचिन्हं या जागी रूपांतर सर्रास चुकतं. द्राक्षाच्या कादंबरीत 'शेतकऱ्याला' हा शब्द पहिल्याच पानावर फुटलेला दिसणं बरं नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एक तांत्रिक गोष्ट. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ पर्यंत माणसं मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणजे अनोळखी नंबरांची यादी विकत घेऊन काही होत नाही. समूहांमध्ये टाकायचं तर समूह चालवणाऱ्याला आधी विचारा, आणि एका समूहात महिन्यात एकदाच.

आता वाचक कुठे आहेत ते पाहू. विषय तुम्हाला पत्ता देतोय: पिंपळगाव बसवंत, ओझर, लासलगाव, दिंडोरी, चांदवड, बागलाण. इथल्या घरांत छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पण वेळ बघूनच जायला हवं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू झाली की बागायतदाराला मान वर करायला फुरसत नसते. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी आणि व्यापाऱ्यांची धावपळ, एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नव्या फुटीसाठीची. त्यातल्या त्यात निवांत दिवस पावसाळ्याचे, म्हणजे आत्ताचेच. बागलाण-कळवणकडे आगाप, म्हणजे लवकरची छाटणी पावसाळ्यातच सुरू होते आणि तिथले लोक आत्ता गुंतलेले असतात, म्हणून तिकडचा बेत शेवटी ठेवा. निफाड आणि दिंडोरीचं काम ऑगस्टअखेर आटपा.

तिथे जायचं कुणाकडे? कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पाच प्रती आणि हाताने लिहिलेला एक कागद: "आपल्या भागातल्या बागेची कादंबरी." दुकानदाराला प्रतीमागे ४० रुपये द्या. पाचच ठेवा, पंचवीस नकोत. औषधांच्या बाटल्यांशेजारी पुस्तकं जास्त दिवस राहिली की डागाळतात. द्राक्ष बागायतदार संघाच्या नाशिक विभागातल्या चर्चासत्रांत भाषण मागू नका, बाहेरच्या टेबलावर जागा मिळते का एवढंच विचारा. सहकारी सोसायट्या आणि पतसंस्था वार्षिक सभेत सभासदांना भेट देतात. तिथे ५० प्रतींची एकगठ्ठा मागणी आली तर ४० टक्क्यांपर्यंत सवलत द्यायला हरकत नाही. १२० रुपये येतील, ४५ उरतील आणि टपालाचा व्याप वाचेल.

यापुढचं काम ग्रंथालयांचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासन अनुदान देतं आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अनुदानातला काही भाग पुस्तकांवरच खर्च करायचा असल्याने खरेदी होतेच, प्रश्न फक्त तुमचं पुस्तक त्यांच्या टेबलावर कधी येतं हा. अनुदानाचा हप्ता हातात आल्यावर आणि ३१ मार्चच्या आत अशा दोन वेळा महत्त्वाच्या. बरीच ग्रंथालयं वितरकाकडून एकदम गठ्ठा घेतात, कारण सवलत जास्त मिळते आणि एकाच बिलात काम होतं. त्यामुळे एकटं पुस्तक घेऊन गेलात तर "पुढच्या खरेदीत बघू" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. नाव, तारीख वहीत लिहा आणि जानेवारीत पुन्हा जा. दुसऱ्या फेरीत होकार मिळण्याची शक्यता नक्कीच जास्त असते.

जाताना हातात काय हवं? एक प्रत, एका पानाचं माहितीपत्रक आणि बिलबुक. माहितीपत्रकावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), आवृत्ती, वर्ष, पानं, किंमत, सवलत आणि पाच ओळींत कथाविषय. बिलावर क्रमांक, तारीख, मूळ किंमत, सवलत आणि निव्वळ रक्कम वेगवेगळी लिहिलेली असावी, कारण ग्रंथालयाला हिशेबतपासणीत ते दाखवावं लागतं. चिठ्ठीवर लिहून दिलेली रक्कम त्यांना चालत नाही, आणि अनेक नवे लेखक इथेच अडतात. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे ती भीती नको. आयएसबीएन घ्यायचा राहिला असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. आधीच छापलेल्या पुस्तकासाठी तो देतात का ते मात्र संस्थेकडे विचारून घ्या. मिळाला तर मलपृष्ठावर स्टिकर लावावा लागेल, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरं. तुम्हीच प्रकाशक असाल तर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. ती मुदत टळली असेल तरी पाठवून टाका.

नाशिक शहरात सुरुवात सार्वजनिक वाचनालयापासून करा. १८४० पासूनची ही संस्था आहे आणि तिथे रोज येणारा वाचक चोखंदळ आहे. तिथे एक प्रत विकली जाणं हा मुद्दाच नाही. ती प्रत फिरती राहिली की पन्नास घरांत जाते, आणि वाचलेला माणूस दुसऱ्याला सांगतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतात. तिथे एक प्रत वाचायला द्या आणि निवडीचा निर्णय पूर्णपणे त्यांच्यावर सोडा. आग्रह केला की कार्यकर्त्यांची अडचण होते.

ग्रंथालयात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात गेलात की अभिवाचनाचं विचारा. "माझा सत्कार ठेवा" किंवा "माझं व्याख्यान ठेवा" म्हटलं तर लोक टाळतात. "चाळीस मिनिटांत कादंबरीतले दोन उतारे वाचते आणि श्रोत्यांशी बोलते, मानधन नको" म्हटलं तर पुष्कळ ठिकाणी वेळ मिळतो. उतारे हजार-अकराशे शब्दांचे निवडा. एकेक साधारण दहा मिनिटांत संपतो. एकात संवाद भरपूर असावेत, दुसरा जिथे प्रसंग अर्धा राहतो तिथे थांबवा. घरी घड्याळ लावून तीनदा मोठ्याने वाचा. जीभ अडखळते ती वाक्यं त्या दिवसापुरती गाळा. टेबलावर २५ प्रती, सुटे पैसे, क्यूआर कोड, आणि पैसे घ्यायला तुमच्याशिवाय दुसरं कुणीतरी. लेखिका एकाच वेळी सही करत, सुटे मोजत आणि वाचकाशी बोलत बसली की तिन्ही कामं बिघडतात. चाळीस श्रोत्यांत आठ-दहा प्रती गेल्या तर मी तो कार्यक्रम चांगला झाला असं धरतो. तीनच गेल्या तरी निराश होऊ नका. त्या संध्याकाळी नाव आणि नंबर लिहून दिलेले लोक पुढच्या पुस्तकाचे वाचक असतात.

तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन, शाळा-महाविद्यालयांना तेव्हा कार्यक्रम हवा असतो. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. नाशिकमध्ये त्या आठवड्यात साहित्याचे कार्यक्रम दाटीवाटीने होतात. केटीएचएम, एचपीटीसारख्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांना त्यासाठीचं पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं, फेब्रुवारीत पाठवलेलं पत्र वाया जातं. जिल्हा ग्रंथोत्सवात एका पुस्तकासाठी आख्खा गाळा घेऊ नका, चार-पाच लेखकांनी मिळून घ्या. गोदाघाटावरची मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला नव्या लेखकाला व्यासपीठ म्हणून मिळणं कठीण, पण महिनाभर तिथे येणारे श्रोते हेच शहरातले वाचक आहेत. त्यांच्यात जाऊन बसा, ओळखी होतात.

वर्तमानपत्रांकडे परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायची रीत आहे. पाकिटावर नुसतं 'संपादक' लिहिलं की पुस्तक ढिगात जातं. रविवारची पुरवणी कोण पाहतं ते फोन करून विचारा आणि त्या नावाने पाठवा. सोबत शंभर-सव्वाशे शब्दांचा परिचय जोडा, जो तसाच 'पुस्तक पोच' या छोट्या सदरात छापता येईल. जागा कमी पडली की तोच छापला जातो. तीन आठवड्यांनी एकदा चौकशी करा, पुन्हा नाही. पहिली पसंती देशदूत, गावकरी आणि मोठ्या दैनिकांच्या नाशिक आवृत्त्यांना द्या. राज्यपातळीवरच्या पुरवण्यांत पुस्तकांची रांग फार लांब असते. पुरवणीचं पान नाही मिळालं तर शेतीच्या पानाचं विचारा. द्राक्षपट्ट्यावरची कादंबरी ही त्यांच्यासाठी बातमी असू शकते. दिवाळी अंकांना मात्र या कादंबरीतलं प्रकरण पाठवू नका, त्यांना अप्रकाशित मजकूर लागतो. एक नवी कथा जुलैअखेर पाठवा आणि परिचयाच्या दोन ओळींत कादंबरीचं नाव घाला.

भेटप्रती ४० वर थांबवा. वर्तमानपत्रं आणि मासिकं २०, कायद्याप्रमाणे चार ग्रंथालयांना द्यायच्या ४, पुरस्कारांसाठी ८, आणि खरंच वाचून बोलतील अशा माणसांसाठी ८. "मला एक प्रत दे ना" म्हणणाऱ्या परिचितांना हसून किंमत सांगा. टपालाने गेलेली प्रत्येक भेटप्रत तुम्हाला १०५ रुपयांना पडते.

पुरस्कारांबाबत एवढंच. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळा विभाग आहे. कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने दिला जातो. पुस्तक कोणत्या कॅलेंडर वर्षात निघालं ते पाहिलं जातं, म्हणून आतल्या पानावर 'प्रथमावृत्ती' आणि वर्ष स्पष्ट छापलेलं हवं. प्रवेशशुल्क म्हणून मोठी रक्कम मागणारे आणि स्मृतिचिन्हाचे वेगळे पैसे लावणारे पुरस्कार सोडून द्या. त्यांनी एकही वाचक वाढत नाही.

टपालासाठी मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही पुस्तकांची सेवा सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर, आणि पाकिटाचा माग काढता येतो. ती मुख्यतः शैक्षणिक, सांस्कृतिक स्वरूपाच्या पुस्तकांसाठी आहे, म्हणून तुमची कादंबरी त्यात चालते का हे आधी टपाल कार्यालयात विचारा. ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागदावरचं १६० पानी डेमी पुस्तक मुखपृष्ठासह दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पाकिटासकट पहिल्याच दरात बसतं. पाकीट रस्त्याने जातं, वेळ लागतो, तसं वाचकाला आधीच सांगा. पावसाळ्यात आधी प्लास्टिकची पिशवी, मग पुठ्ठा, मग पाकीट. पुठ्ठा नसला तर कोपरे दुमडतात. ॲमेझॉनवर पुस्तक ठेवा, पण लोकांना ते शोधलं की सापडावं एवढ्यासाठी. शुल्क आणि पाठवणी वजा जाता तिथे फार उरत नाही. तिथे नाव देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत भरा, कारण बरेच वाचक मराठी पुस्तकसुद्धा रोमन अक्षरं टंकूनच शोधतात.

हे सगळं झाल्यावर, साधारण डिसेंबरात, वितरकाकडे जा. तेव्हा तुमच्याकडे दोन परीक्षणांची कात्रणं, पुस्तक घेतलेल्या ग्रंथालयांची यादी आणि विकलेल्या प्रतींचा आकडा असेल. ५० प्रती द्या, पोचपावती घ्या, हिशेब दर सहा महिन्यांनी असं लिहून घ्या.

एका वहीत रोजची नोंद ठेवा: तारीख, कुणाला, किती, कशी कळली, पैसे आले का. 'कशी कळली' हा रकाना सोडू नका. तीन महिन्यांनी त्याच रकान्यावरून कळेल की पुढचे चार तास पिंपळगावला द्यायचे की शहरातल्या वाचनालयांना. शिल्लक ६० प्रतींवर आली की दुसऱ्या आवृत्तीचा विचार करा, पण पुन्हा ५०० छापू नका. डिजिटल छपाईत १०० प्रती काढता येतात, प्रत महाग पडते, पण पैसे अडकत नाहीत. छापखान्याकडून मुखपृष्ठाची आणि आतल्या पानांची मूळ फाइल आजच मागून घ्या, वर्षाने ती बहुतेकदा सापडत नाही. आणि एक प्रत बाजूला काढून तिच्यावर 'दुरुस्ती प्रत' असं लिहा. वाचकांनी दाखवलेली प्रत्येक छपाईची चूक तांबड्या पेनाने तिच्यातच टिपत जा.